आत मालकीण आहे

सावळीरामाने पेट्रोलवरचा नवाकोरा पिकअप घेतला, तेव्हा मखमलाबादेत त्याच्या अकलेचं तेरावं घालून झालं. सगळा गाव डिझेलवर चालत होता. ट्रॅक्टर डिझेलचे, टेम्पो डिझेलचे, विहिरीवरची जुनी इंजिनं डिझेलची. आणि हा फुलांचा माळी झेंडूचे क्रेट भरून पहाटे गणेशवाडीच्या बाजारात जाणार, तो पेट्रोल जाळत. सिंहस्थात झेंडूने हात दिला हे खरं, पण हात दिला म्हणून काय चुलीत चंदन घालायचं, असं लोक म्हणत. सावळीराम ऐकून घेई. ऐकून घेण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

कोणी फारच खोदून विचारलं, तर तो म्हणे, डिझेलची गाडी लय थरथरते. त्यावर त्याचा दोस्त झुंबर वेल्डर हसून लोटपोट व्हायचा. फुलं काय गरोदर आहेत का, थरथरली तर बिघडायला, असं तो चारचौघांत विचारायचा. सावळीरामही त्या हसण्यात सामील व्हायचा आणि विषय तिथेच संपायचा.

खरं कारण घरात भाकरी थापत बसलेलं असे. कुसाबाईचं शेवटचं बाळंतपण अवघड गेलं होतं. पुढे पिशवी काढावी लागली. तेव्हापासून लघवी धरून ठेवायची ताकद तिच्या अंगात राहिली नव्हती. शिंक आली, हसू आलं, पायरी जरा जोरात उतरली, की झालं. घरात मोरी चार पावलांवर होती, मळ्यात आडोसा होता, तिथे कोणाला काही कळत नसे. तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही आणि त्याने कधी विचारलं नाही. पण दोरीवर वाळणाऱ्या लुगड्यांवरून ज्याला बायकोचं दुखणं कळत नाही, तो कसला नवरा?

एकदा पिंपळगावला पुतण्याच्या साखरपुड्याला दोघं काळ्यापिवळ्या जीपमधून निघाली होती. जीप डिझेलची, माणसं कोंबलेली, इंजिनाचा हादरा थेट पोटात. कुसाबाईने एकदा गाडी थांबवायला लावली आणि ती कुंपणाआड जाऊन आली, तर मागचे दोघं-तिघं फिदीफिदी हसले. दुसऱ्या वेळी तिने सांगितलंच नाही. सगळा साखरपुडा ती भिंतीला पाठ लावून कोपऱ्यात उभी राहिली, जेवायलासुद्धा पंगतीत बसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, आता गुडघे लय दुखतात, मला कुठं नेऊ नका. सावळीराम बरं म्हणाला.

तिचं माहेर कळवणच्या अलीकडे. धाकटा भाऊ पुंजा दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुराळी होऊन बहिणीला न्यायला यायचा. साखरपुड्याच्या त्या प्रकारानंतर तो पहिल्यांदा आला, तेव्हा कुसाबाई चुलीपुढे पीठ मळत होती आणि गुडघ्याचं निमित्त पुरेल की नाही याचा विचार करत होती. पुंजाने तिला पाटीत बसवूनसुद्धा नेलं असतं, एवढा त्याचा जीव. तेवढ्यात ओट्यावरून सावळीरामाचा आवाज आला. मळ्यात काम हाय, ह्या टायमाला पाठवायला जमायचं नाय. कुसाबाईचे हात पिठात तसेच राहिले. तिने बाहेर येऊन काही म्हटलं नाही.

मग दर वर्षी तेच. पुंजा यायचा, सावळीराम नाही म्हणायचा, पुंजा परत जायचा. माझी बहीण माळ्याने फुलं तोडायला जुंपली आहे, असं तो कळवणच्या बाजारात सांगत फिरायचा. तिकडून भाजी घेऊन येणारे लोक ते नाशकात सावळीरामाच्या कानावर घालायचे. इतक्या वर्षांत त्याला सासुरवाडीच्या माणसांनी चिकट म्हटलं, कसाई म्हटलं. तो घरी येऊन कुसाबाईला फक्त भाव सांगायचा, की आज शेवंती बरी गेली.

त्या फाल्गुनात पुंजा आला तो लग्नाची पत्रिका घेऊन. त्याच्या सुवर्णाचं लग्न. सुवर्णाचं नाव कुसाबाईनेच ठेवलं होतं, बारशाला तिच्या कानात पहिल्यांदा तिनेच ते सांगितलं होतं. पुंजा उंबऱ्याच्या आत आला नाही, पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. त्याने पत्रिका ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "पोरीची हळद हाय. आत्या पाठवायची तर पाठवा. नाय पाठवली, तर आजपासून मला बहीण नाय अन् तुम्हाला सोयरा नाय."

तो गेला. कुसाबाई मोरीत जाऊन, नळ सोडून रडली. नळाचा आवाज मोठा होता, पण सावळीरामाला दोन्ही आवाज वेगळे ऐकू आले.

आता मखमलाबादच्या माळ्याला चाकावरची खोली कुठून सुचली, हे सांगायला हवं. आदल्या हिवाळ्यात गंगापूर धरणाच्या बाजूला एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. त्यात लग्नाचा देखावा होता आणि हारतुऱ्यांची ऑर्डर सावळीरामाकडे होती. तिथे त्याने झाडाखाली उभी असलेली एक गाडी पाहिली. खिडक्यांना पडदे, दाराला पायऱ्या. ही कशाला, असं त्याने तिथल्या ड्रायव्हरला विचारलं. मॅडमला बाथरूमला जायला, असं ड्रायव्हर विडी ओढत म्हणाला. सावळीराम हार पोचवायचं विसरून तिथेच उभा राहिला. एका बाईची अडचण होऊ नये म्हणून आख्खी गाडी उभी करता येते, हे त्याच्या डोक्यात त्याआधी कधी आलंच नव्हतं.

पत्रिका आली त्याच दिवशी तो झुंबरकडे गेला. मुक्कामाची खोली करून दे, दोन चाकांवरची, पिकअपच्या मागे जोडायची, असं त्याने सांगितलं. झुंबरने म्हातारपणी हनिमूनला निघालास का म्हणून भरपूर छळलं, पण काम मन लावून केलं. मोडीत निघालेल्या मोटारीचा आस, हादरे शोषणारे मऊ पाटे, पत्र्याच्या भिंती, आत एक खाट, एक खिडकी आणि कोपऱ्यात दाराचा आडोसा. आडोशात बसायची बैठक, खाली बंद डबा, वर पाण्याची टाकी, टाकीला नळ.

खोली घरी आणून त्याने कुसाबाईला दाखवायला बोलावलं. तिने खाट दाबून पाहिली, खिडकी उघडून पाहिली, मग आडोशाचं दार उघडलं आणि तिथेच उभी राहिली. बराच वेळ तिची पाठच त्याला दिसत होती.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" ती म्हणाली.

"कुणी नाय. नळ घट्ट हाय का बघ जरा, झुंबरचं काम हाय."

तिने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. मग खाली उतरली आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला सांगितली. तिला जरीचं लुगडं हवं होतं.

गाडीमागे गाडी ओढणं सावळीरामाला नवीन नव्हतं, त्याने ट्रॅक्टरची ट्रॉली कैक वर्षं ओढली होती. पण ट्रॉलीत कांदे असतात आणि कांदे तक्रार करत नाहीत. म्हणून तो आधी पेठ रस्त्याला रिकामी खोली ओढून शिकला. वळणावर पिकअप वळला तरी मागची खोली काही वेळ आपल्याच नादात सरळ चाललेली असते, एखाद्या हट्टी चुलत्यासारखी. तिची समजूत काढत, मोठा वळसा घेत वळावं लागतं. गतिरोधक दोनदा ओलांडावा लागतो, एकदा आपला आणि एकदा तिचा. हे सगळं जमल्यावर त्याने दोन्ही गाड्या धुतल्या, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि माळ्याचाच हात तो, खोलीला चारी बाजूंनी झेंडूच्या इतक्या माळा सोडल्या, की पत्रा दिसेनासा झाला. या माळांनीच पुढे घोळ केला.

हळदीच्या दिवशी सकाळी दोघं निघाली. म्हसरूळ गेलं, दिंडोरी गेली. कुसाबाई पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसली होती, सुरुवातीला अंग चोरून, मूठ आवळून. दिंडोरीच्या पुढे तिची मूठ सुटली.

"ही गाडी हलत नाय," ती म्हणाली.

"पेट्रोलची हाय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. गावाचं हसणं त्याने का सोसलं होतं ते तिला तेव्हा कळलं. पदराने डोळे टिपून ती बाहेरची द्राक्षबागांची कुंपणं पाहत राहिली.

वणी मागे पडली. नांदुरीच्या अलीकडे ती म्हणाली, थांबा जरा. सावळीरामाने कडेला कडुनिंबाखाली गाडी घेतली. ती उतरून मागच्या खोलीत गेली, दार लावलं. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

पण ते दिवस सप्तशृंगीच्या चैत्रातल्या यात्रेचे. खानदेशातून पायी आलेल्या लोकांच्या दिंड्या गडाखाली पोचत होत्या. त्यांतला एक जथा वाट सोडून पाण्यासाठी इकडे वळला होता. भगवी निशाणं, डोक्यावर गाठोडी, पाय धुळीने पांढरे. त्यांना कडुनिंबाखाली झेंडूने मढवलेलं, कुंकू लावलेलं, चाकांवरचं बंद दाराचं एक लहानसं घर दिसलं आणि त्याच्यापुढे टोपी हातात घेऊन उभा असलेला एक म्हातारा माणूस. दुसरं काय समजणार ते? एक काठी टेकत आलेली म्हातारी पुढे झाली. तिने चपला काढल्या.

"मायनी गाडी शे का, भाऊ?" तिने विचारलं. "मझार कोण शे?"

आत कोण आहे, हा प्रश्न साधा होता. पण खरं सांगावं तर बायकोची अब्रू जाते आणि खोटं सांगावं तर समोर देवीचा डोंगर उभा. सावळीराम पुरता अडकला. त्याच्या तोंडून, घरी-दारी बायकोला जो शब्द वापरतात, तोच निघाला.

"आत मालकीण हाय."

झालं. मालकीण म्हणजे सगळ्या जगाचीच. निशाणं टेकवली गेली, बायकांनी कनवटीची कुंकवाची डबी काढून दाराला बोटं लावली, मागच्यांनी आईचा जयजयकार केला. दार कधी उघडणार, असं कोणीतरी विचारलं. सावळीराम म्हणाला, उघडेल, तुम्ही व्हा पुढं. पण दर्शन झाल्याशिवाय कोण पुढे होणार? सगळे खाली बसले आणि गाणं धरलं. आतमध्ये कुसाबाईचं काय होत असेल, हे सावळीरामाला बाहेरून कळेना. ज्या माणसांच्या नजरेपासून लांब राहायला ही खोली केली, तीच माणसं टाळ वाजवत दाराशी बसली होती. त्याला झेंडूचा जन्मात पहिल्यांदा राग आला.

दार उघडलं. पायरीवर कुसाबाई, डोक्यावर पदर, हात ओले. गाणं थांबलं. मागे ज्यांना दिसत नव्हतं त्यांनी आणखी एकदा जयजयकार केला आणि मग तेही गप्प झाले. म्हातारीने कुसाबाईकडे पाहिलं, तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. उघडा आडोसा, नळ, ओली फरशी. सावळीरामाने मान खाली घातली. आता हसतील, असं त्याला वाटलं.

म्हातारी हसली नाही. ती पायरीशी गेली आणि अगदी हळू काहीतरी बोलली. कुसाबाईने तिचा हात धरला, तिला वर ओढून आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. म्हातारीने जथ्यातल्या पुरुषांना एका हाकेत पुढे पिटाळलं. मग एकेक बाई पायरी चढू लागली. जख्ख म्हाताऱ्या, मधल्या वयाच्या, एक तर नुकतीच बाळंतपणातून उठलेली असावी. कुसाबाई दाराशी उभी राहून प्रत्येकीला नळ कसा सोडायचा ते सांगत होती. टाकीतलं पाणी संपेपर्यंत हे चाललं. निघताना म्हातारीने कुसाबाईच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग सावळीरामाकडे वळून म्हणाली, "भाऊ, तू मघाशी खोटं नही बोलना. मालकीणच शे."

गाडी पुन्हा चालू लागली. नांदुरी मागे गेली. मग कुसाबाई आपणहून म्हणाली, "त्या बाई लेकीच्या घरी कधी राहिल्या नाय. सकाळी जायचं अन् संध्याकाळी माघारी."

"का?" त्याने विचारलं, त्याला माहीत असूनसुद्धा.

"माझ्यासारखंच हाय त्यांना. मी सांगितलं त्यांना माझं सगळं. साखरपुड्याचंबी. अन् काय झालं ठाव हाय का? काहीच झालं नाय."

इतक्या वर्षांत हा विषय दोघांमध्ये पहिल्यांदा निघाला होता. सावळीरामाला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण पुढे वळण होतं. त्याने मोठा वळसा घेतला.

पुंजाच्या दारात मांडव पडला होता. गल्ली अरुंद. पिकअप आणि मागची फुलांची खोली मांडवाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, तशी वऱ्हाडातली माणसं, हळदीच्या बायका, सगळे बाहेर आले. सुवर्णा आत्या आली म्हणून धावली. पुंजाही धावत निघाला होता, तो मागची खोली पाहून मध्येच थांबला. त्याने एक चक्कर मारून ती नीट पाहिली. खिडकीतून आतली खाट पाहिली, उशी पाहिली. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

सोयऱ्याच्या दारात स्वतःचं घर घेऊन येणं, याचा अर्थ त्या गावात एकच होता.

"सात-आठ वर्सं बहीण धाडली नाय," पुंजा सगळ्यांदेखत सावळीरामाला म्हणाला. "आज धाडली, तर निजायला खाटसुद्धा आपली घेऊन आले. आमचं अंथरूण टोचतं का तुम्हाला? का आमच्या घरचं पाणी बाटलेलं हाय?"

सावळीरामाला उत्तराची सवय होती. त्याने टोपी सारखी केली आणि सुरू केलं, की दोष माझाच हाय, मला परकी जागा मानवत नाय, म्हणून मीच...

"बास करा," कुसाबाई म्हणाली. ती भावाला नाही, नवऱ्याला म्हणत होती. "आता बास करा हो. लय वर्सं झाली."

तिने पुंजाचं मनगट धरलं आणि त्याला खोलीच्या पायरीवर चढवलं. आडोशाचं दार सताड उघडलं. बाहेर मांडवभर माणसं उभी होती, पुरुष, बायका, व्याह्यांकडचे दोघं. तिने आवाज खाली आणला नाही.

"हे बघ. हे माझ्यासाठी हाय. मला लघवी धरत नाय, पुंजा. पिशवी काढली तवापासून. गाडीत बसले का लुगडं भिजतं. म्हणून मी येत नव्हते. ह्यांनी मला एक दिवस अडवलं नाय. मला सांगायची लाज वाटली, म्हणून ह्यांनी तुझ्या शिव्या खाल्ल्या. मी चुलीपुढं बसून ऐकत राहिले, अन् हे खात राहिले."

पुंजाची बायको भागीबाई हळदीचा वाडगा घेऊन उभी होती, तिने तो खाली ठेवला आणि वन्संच्या जवळ जाऊन उभी राहिली. पुंजा आडोशाकडे, नळाकडे पाहत होता. मग तो पायरी उतरला आणि कोणाशी एक शब्द न बोलता घरामागे निघून गेला.

लोकांना वाटलं, रागावला. सावळीरामालाही तेच वाटलं. आता परत फिरावं लागणार, गाडी उलटी कशी घ्यायची या गल्लीतून, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात पुंजा विहिरीकडून दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन आला. जावयाला दारात पाय धुवायला पाणी देतात, म्हणून सावळीराम घाईने चपला काढू लागला. पुंजा त्याच्या शेजारून तसाच पुढे गेला, खोलीत चढला.

"टाकी रिकामी हाय," तो आतून म्हणाला. "दाजी, झाकण धरा."

दाजी. हा शब्द त्याच्या तोंडून आखाजीच्या त्या पहिल्या नकारानंतर निघाला नव्हता. सावळीराम एका पायात चप्पल तशीच ठेवून आत गेला आणि दोन्ही हातांनी झाकण धरून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पुंजाने पहिली बादली ओतली, दुसरी ओतली, आणखी दोन घेऊन आला. मांडवातली पोरं मदतीला धावली, त्याने कोणाला हात लावू दिला नाही. ओतता ओतता, मेव्हण्याकडे न पाहता तो म्हणाला, "शेवटी शेवटी आई दारच्या ओट्यावरसुद्धा येऊन बसायची नाय. कुणाच्या लग्नाला नाय, मर्तिकाला नाय. कुसाअक्काच्या बाळंतपणाला नाशकाला चल म्हणलं, तर नाय. मी तिला चारचौघांत हट्टी म्हातारी म्हणायचो."

बाहेर बायकांनी कुसाबाईला पाटावर बसवून सुवर्णाची पहिली हळद तिच्याच हाताने लावून घेतली होती, गाण्याचा आवाज येत होता. टाकी काठोकाठ भरली, पाणी पत्र्यावरून वाहून दोघांच्या पायांवर आलं. पुंजा बादली कलती धरून ओततच राहिला, आणि सावळीरामाने त्याला थांबवलं नाही.